मेल्व्हिनियाच्या आईचे नाव



आपल्या घरातल्या कोणालाही वंशावळ विचारा. तो बोटांवर मोजत सांगू लागतो. वडील अमुक, आजोबा तमुक, पणजोबा अमके, त्यांचे भाऊ इतके, त्यातला एक मुंबईला गिरणीत गेला, एक पलटणीत गेला. जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने ही यादी आपल्यापैकी अनेकांना पाठच झालेली असते. आता त्याच माणसाला विचारा, तुमच्या आजीच्या आईचे नाव काय? तो घरातल्या बाईकडे पाहतो. बाई सासूकडे पाहते. सासू म्हणते, "आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो बाई, नाव कोणाला ठाऊक!"

या अंकात आम्ही एका बाईच्या वंशावळीची गोष्ट सांगणार आहोत. बाई आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे. नाव मिशेल ओबामा. तिचे यजमान बराक ओबामा जानेवारी २००९ ते जानेवारी २०१७ अशी आठ वर्षे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून तिचे नाव आपल्याला माहीत. ती स्वतः वकील, शिकागो शहरातल्या कष्टकरी काळ्या वस्तीत वाढलेली. वडील शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पंपावर कामाला. अंगात मोठे दुखणे होते, चालताना काठी लागे, तरी ते कामावर जात राहिले. आई मरियन यांनी मुले लहान असताना घर सांभाळले आणि पुढे कारकुनी केली. म्हणजे घर आपल्यासारखेच, महिन्याच्या पगारावर चालणारे.

या घरात एक कुजबुज होती. आपल्या पूर्वजांत कोणीतरी गोरा होता म्हणे. कोण, कुठला, कधीचा, काही माहीत नाही. वडीलधाऱ्यांना विचारले की ते विषय बदलत. हे आपल्यालाही नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनीही गावातल्या कितीतरी गोष्टी पदराच्या गाठीला बांधूनच नेल्या.

२००९ साली मेगन स्मोलेन्याक नावाच्या वंशावळ शोधणाऱ्या बाई आणि 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राच्या बातमीदारांनी मिळून हा धागा मागे मागे नेला. पुढे रेशेल स्वार्न्स या त्यातल्याच बातमीदार बाईने आणखी तपास करून २०१२ साली त्यावर मोठे पुस्तक लिहिले. त्या दोघींनी काय केले हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात जादू काही नाही. मृत्यूचा दाखला घ्यायचा, त्यावर आईबापाची नावे असतात. मग त्या आईबापाच्या लग्नाची नोंद शोधायची. मग दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीच्या वह्यांत ते कुटुंब कुठे राहत होते, घरात कोण कोण होते, वय काय, धंदा काय, लिहिता-वाचता येत होते का, ते पाहायचे. एक पायरी पक्की झाली की खालच्या पायरीवर पाय टाकायचा. घाईने दोन पायऱ्या उडी मारली की पडलाच.

मिशेलच्या आईपासून सुरुवात करू. मरियन यांचा जन्म १९३७ सालचा. (त्या ३१ मे २०२४ रोजी वारल्या.) मरियन यांचे वडील पर्नेल शील्ड्स, हे शिकागोत रंगकाम करीत. दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातून ते उत्तरेला आले होते. त्या काळात दक्षिणेतला जाच आणि उपासमार सोडून काळी माणसे उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख लोक असे निघाले. आपली माणसे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून मुंबईला आली तशीच. पेटी, वळकटी आणि अगोदर गेलेल्या नातेवाइकाचा पत्ता.

पर्नेल यांचे वडील रॉबर्ट ली शील्ड्स. हे मजुरी करीत, रेल्वेत हमालीही केली. १९०६ साली त्यांचे अ‍ॅनी लॉसन हिच्याशी लग्न झाले. आणि वयाच्या बत्तिशीच्या सुमारास हा माणूस सरकारी कागदांतून नाहीसाच होतो. मेला, परागंदा झाला, काय झाले ते कागद सांगत नाहीत. अ‍ॅनीने मूल वाढवले.

रॉबर्ट यांचे वडील डॉल्फस शील्ड्स. म्हणजे मिशेलचे खापरपणजोबा. आणि डॉल्फसची आई मेल्व्हिनिया. इथे वंशावळ गुलामगिरीच्या काळात शिरते, आणि इथून पुढे चालणे अवघड होते.

का अवघड, तेही सांगतो. अमेरिकेत १८५० आणि १८६० साली खानेसुमारी झाली तेव्हा गुलामांची वेगळी वही केली होती. त्या वहीत मालकाचे नाव ठळक लिहिलेले आहे. त्याखाली त्याच्या गुलामांच्या ओळी: वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र. नाव नाही. वय ६, स्त्री, काळी. वय ३०, पुरुष, काळा. बस्स. गुलामगिरी कायद्याने १८६५ च्या डिसेंबरात संपली. त्यामुळे सुटलेल्या सगळ्या माणसांची नावे खानेसुमारीत प्रथम आली ती १८७० साली. काळ्या माणसांची वंशावळ शोधणारे लोक १८७० या सालाला भिंत म्हणतात. भिंतीच्या अलीकडे माणसे आहेत, पलीकडे नुसती वये आहेत.

भिंतीपलीकडे जायचे तर मालकाच्या कागदांतून जावे लागते. त्याचे मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी, वाटणीपत्र, विक्रीखत. आपल्या खापरपणजीला शोधण्यासाठी तिला विकत घेणाऱ्याचे दप्तर उघडावे लागते, यापरते दुःख कोणते!

दक्षिण कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्ग म्हणून भाग आहे. तिथे डेव्हिड पॅटरसन नावाचा एक म्हातारा जमीनदार होता. १८५० साली त्याने मृत्युपत्र केले. सूत कातायचे चरखे कोणाला, विळे-कोयते कोणाला, मेजावर घालायच्या चादरी कोणाला, गुरे कोणाला, असे सगळे नीट वाटून दिले. त्याच यादीत एक सहा वर्षांची काळी मुलगी आहे. नाव मेल्व्हिनिया. आडनाव नाही, आईचे नाव नाही, बापाचे नाव नाही. म्हातारा वारल्यावर मालमत्तेची किंमत लावली, तेव्हा या मुलीची किंमत ४७५ डॉलर लागली.

मेल्व्हिनिया वाटणीत म्हाताऱ्याच्या लेकीला गेली. लेक आणि जावई हेन्री शील्ड्स जॉर्जिया राज्यात राहत होते. तिथे तिला पाठवले. जन्मगाव सुटले, ज्यांच्यात वाढली ती माणसे सुटली. आई तिथे होती की आधीच कुठे विकली गेली होती, यावर कोणताच कागद बोलत नाही. जॉर्जियात क्लेटन तालुक्यात, आज जिथे रेक्स नावाचे गाव आहे त्याच्या जवळ, शील्ड्सची शेती होती. गहू, मका, रताळी, कापूस. घोडे, गाई, डुकरे, मेंढ्या. पॅटरसनकडे गुलामांची वस्ती होती, इथे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच गुलाम. मेल्व्हिनियाशी तिच्या भाषेत, तिच्या सुखदुःखाचे बोलायला माणूस कोण होते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आपल्याकडेही आठ-नऊ वर्षांच्या पोरींची लग्ने होत आणि त्या परक्या गावी जात. पण त्यांना आषाढ-श्रावणात माहेरी आणायला कोणी तरी येई. मेल्व्हिनियाला माहेरच नव्हते.

१८५९ च्या सुमारास तिला पहिला मुलगा झाला. तोच डॉल्फस. ती तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. मुलाचा बाप गोरा होता.

इथे थोडे थांबून कायद्याचे सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या वसाहतींत आधी बापावरून मूल ओळखले जाई, जसे सगळीकडे. १६६२ साली व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की मुलाची स्थिती आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. हा कायदा कशासाठी केला हे शेंबड्या पोरालाही कळेल. मालकाने, मालकाच्या पोराने गुलाम बाईच्या अंगाला हात लावला तरी त्याच्यावर मुलाची जबाबदारी येत नाही. उलट त्याच्या गोठ्यात एक वासरू वाढावे तसा एक गुलाम वाढतो. आईचा वंश मोजायचा तर असा मोजला! आईकडून वारसा मिळाला तो बेडीचा. नाव, जमीन, घर हे सगळे बापाकडून, आणि बाप तोंड फिरवून उभा.

तेव्हा काही लोक विचारतात की मेल्व्हिनिया आणि त्या माणसात प्रेम असेल का? आम्हाला हा प्रश्नच वाकडा वाटतो. जिला नाही म्हणण्याचा कायद्याने हक्कच नाही, तिच्या होकाराला काय अर्थ? हेन्री शील्ड्सचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे गेलेले, आणि त्याला विशीतले मुलगे. पुढे दोन्ही बाजूंच्या वंशजांच्या रक्ताच्या, म्हणजे डीएनएच्या तपासण्या झाल्या. त्यावरून डॉल्फसचा बाप हेन्रीचा मुलगा चार्ल्स मॅरियन शील्ड्स असावा, असे २०१२ साली पुढे आले. त्या गोऱ्या वंशजांपैकीही अनेकांना हे ऐकून धक्का बसला. त्यांच्या घरातही याविषयी कोणी बोलत नव्हते. गप्प बसण्याची रीत दोन्हीकडे सारखीच, फक्त कारणे वेगळी.

गुलामगिरी संपली तेव्हा मेल्व्हिनिया विशीत होती. हाती पैसा नाही, जमीन नाही, अक्षर नाही, कडेवर पोर. ती लगेच कुठे गेली नाही. १८७० च्या खानेसुमारीत ती त्याच चार्ल्स शील्ड्सच्या शेजारच्या रानात मजुरी करताना दिसते. पदरी चार मुले, त्यातली तीन मिश्र रंगाची लिहिलेली. एक मूल तर गुलामगिरी संपल्यावर चार वर्षांनी झालेले. तिने मुलांना आडनाव लावले शील्ड्स. कोणी म्हणेल, मालकाचे नाव कशाला? पण ती त्या मुलांच्या बापाचेही नाव होते, आणि त्या नावावर त्यांचा हक्क होता. तिने तो हक्क कागदावर घेतला असे आम्ही समजतो.

नंतर केव्हातरी, तिशी-चाळिशीत, मेल्व्हिनियाने ते रान सोडले. ती जॉर्जियाच्या दुसऱ्या टोकाला, अलाबामाच्या हद्दीजवळच्या बार्टो तालुक्यात गेली. तिथे तिच्या शेजारी कोण राहत होते? मराया आणि बोलस ईस्ली हे जोडपे. हे दोघे पॅटरसनच्या त्या जुन्या वस्तीवरचेच गुलाम होते, तिच्या लहानपणीचे! सहाव्या वर्षानंतर जी माणसे तुटली त्यांना तिने शोधून काढले, की त्यांनी तिला शोधले, कसे शोधले, कळत नाही. तिला लिहिता येत नव्हते. निरोप तोंडी गेले असतील, गाड्यांवरून, बाजारांतून, प्रार्थनेच्या जागांवरून. आणि या ईस्लींची मुलगी अ‍ॅलिस हिच्याशी डॉल्फसचे लग्न झाले. मालकाच्या वाटणीपत्राने जी वस्ती फाडली ती या बायामाणसांनी लग्नाच्या गाठीने पुन्हा शिवली. साऱ्या वंशावळीत आम्हाला ही जागा सर्वांत मोठी वाटते. पुढे त्यांच्या कुळातली बाई राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात गेली, ती बातमी झाली. ही बातमी मात्र कोणी छापली नाही.

अशी शोधाशोध त्या काळात घरोघर चालू होती. न्यू ऑर्लिन्स शहरातून 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट' नावाचे एक वृत्तपत्र निघे. त्यात १८७० च्या दशकाच्या शेवटापासून कित्येक वर्षे हरवलेल्या माणसांचे सदर चाले. वर्गणीदाराला फुकट, इतरांना ५० सेंट. मी अमक्या मालकाची, माझ्या आईचे नाव अमुक, आम्हाला अमक्या गावी विकले, माझ्या भावाला तमका व्यापारी घेऊन गेला, कोणाला ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे, अशा धर्तीची ती पत्रे. पाद्र्यांनी ती रविवारी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत अशी संपादकांची विनंती असे, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. मुक्ती मिळून वीस-तीस वर्षे झाली तरी लेक आईला शोधतेच आहे. समाजाचे वृत्तपत्र म्हणजे काय असते, हे आम्हाला त्या सदरावरून जास्त कळले.

आता डॉल्फस. तो सुतार झाला. लिहा-वाचायला शिकला. १८८८ च्या सुमारास अ‍ॅलिसला घेऊन बर्मिंगहॅमला गेला. हे अलाबामातले पोलाद कारखान्यांचे शहर तेव्हा नवे वाढत होते. १९०० साली त्याचे स्वतःचे घर होते. १९११ पर्यंत त्याने सुतारकामाचे आणि हत्यारांना धार लावण्याचे स्वतःचे दुकान टाकले. आपल्या लोकांची दोन प्रार्थनामंदिरे उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. पुढे ती मंडळी नागरी हक्कांच्या लढ्यात उतरली. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस ९१ वर्षे जगला आणि १९५० च्या जून महिन्यात वारला. त्याच महिन्याच्या पाच तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या भोजनडब्यातील आणि विद्यापीठांतील भेदाविरुद्ध निकाल दिले होते. बर्मिंगहॅमच्या काळ्या लोकांच्या वृत्तपत्रात या निकालाची आणि डॉल्फसच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर एकत्र आली. त्याच वर्षी २६ जानेवारीला आपली राज्यघटना अमलात आली होती, कलम १७ सह. सालांची ही जुळणी आम्ही मुद्दाम नोंदवतो.

मेल्व्हिनिया मुलाच्या आधी, १९३८ साली गेली. वय नव्वदीच्या पुढे. मरियन तेव्हा रांगत असेल. म्हणजे ४७५ डॉलर किंमत लागलेली ती मुलगी आणि व्हाइट हाउसमध्ये नातींना सांभाळायला राहिलेली मरियन, या दोघी थोडे महिने का होईना एकाच वेळी या जगात होत्या. इतके हे जवळचे आहे. आपण मात्र म्हणतो, जुन्या काळची गोष्ट!

मेल्व्हिनियाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापाच्या नावांचा रकाना आहे. नातेवाइकाने सांगितले आणि कारकुनाने लिहून घेतले: माहीत नाही. वंशावळ तिथे थांबते.

२०१२ साली रेक्स गावात मेल्व्हिनियाच्या नावाचा स्मृतिस्तंभ उभारला. ज्या मातीत तिच्याकडून फुकट राबवून घेतले त्याच गावात.

मिशेलच्या वडिलांकडची हकीकत वेगळी आहे, ती थोडक्यात सांगतो. ते रॉबिन्सन. दक्षिण कॅरोलायनाच्या जॉर्जटाउन भागात फ्रेंडफील्ड नावाचा भाताचा मोठा मळा होता. तिथे जिम रॉबिन्सन गुलाम होता. त्याचा मुलगा फ्रेझर १८८४ चा. लहानपणी झाड अंगावर पडून हात मोडला, तो कापावा लागला. एका हाताने तो लाकडाच्या गिरणीत राबला, जोडे शिवले, वृत्तपत्रे विकली. न खपलेले अंक तो घरी आणायचा, पोरांनी वाचावेत म्हणून. (आमच्या विक्रेत्यांनी याची नोंद घ्यावी!) त्याचा मुलगा शिकागोला गेला, टपाल खात्यात लागला. त्या मुलाचा मुलगा म्हणजे मिशेलचे वडील. जुलै २०१६ मध्ये एका मोठ्या सभेत मिशेल म्हणाली की आपण रोज सकाळी गुलामांनी बांधलेल्या घरात जागे होतो. व्हाइट हाउसच्या बांधकामावर गुलाम राबले होते हे इतिहासाला धरूनच आहे.

आता एक बोच सांगतो. आईकडच्या या वंशावळीकडे पुन्हा पाहा. मिशेल, तिची आई मरियन, आणि तिथून पुढे? मरियनचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. मेल्व्हिनिया सापडली ती शील्ड्स या आडनावाच्या दोरीला धरून. मरियनच्या आईचे नाव रेबेका होते. तिच्या आईची, त्या आईच्या आईची गोष्ट इतक्या लोकांना ठाऊक नाही. कारण बाईचे आडनाव दर लग्नाला बदलते आणि कागद आडनावामागे धावतो. अ‍ॅनी, अ‍ॅलिस, मराया या बायका या हकिकतीत कडेला उभ्या दिसतात, पण त्यांनी हात सोडला असता तर साखळी तुटलीच असती.

अमेरिकेच्या काळ्या माणसांचे आणि आपले नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉइस या काळ्यांच्या थोर विद्वानाला पत्र लिहून त्यांच्या चळवळीची चौकशी केली, आणि त्यांनी उत्तरही दिले. दोन्हीकडच्या यातना एकच होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण नोंदवहीत आपले नाव कसे आले, हा प्रश्न दोघांनाही आहे.

आपल्याकडच्या वह्या पाहा. गावोगावची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसील कचेरीच्या जुन्या दप्तरात असते. तिच्यात अनेकदा बापाचे नाव, जात आणि पुढे नुसते 'मुलगी' एवढेच सापडते. देशाच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदार यादीतून गळाली. त्यांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले होते. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतले हे प्रकार, पण आपल्या आज्याही नाव घ्यायला लाजतच होत्या. त्यातून आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत. माहेरची सोनाबाई सासरी लक्ष्मीबाई होते, मग सोनाबाईला कुठल्या कागदात शोधणार? जातपडताळणीला वंशावळ लावतात तीही बापाकडची. सासरी नांदणाऱ्या बाईला स्वतःच्या दाखल्यासाठी माहेरच्या पुरुषांची कागदपत्रे गोळा करत हिंडावे लागते. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव सरकारी कागदांवर लावणे सक्तीचे केले आहे. पुढच्या पिढीची सोय झाली. मागच्यांचे काम आपल्यालाच करावे लागेल.

ज्या भगिनींना हे काम करायचे आहे त्यांनी शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर स्वतःचे माहेरचे नाव, जन्मगाव, जन्मसाल. दुसऱ्या पानावर आईचे, तिसऱ्यावर आजीचे, म्हणजे आईच्या आईचे. वडिलांच्या आईसाठी वहीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी. प्रत्येकीची दोन्ही नावे लिहावीत, माहेरची आणि सासरची. नावाखाली गाव, तालुका आणि हे कोणी सांगितले ते, सांगणाऱ्याच्या नावासह. साल आठवत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना साल विचारूच नका. बाबासाहेब गेले तेव्हा तू केवढी होतीस, कडेवर कोण होते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलात, कोयना धरणाचा भूकंप झाला तेव्हा कुठल्या घरात होतीस, असे विचारा. साल आपोआप हाती लागते. १९५६, १९७२, १९६७.

सांगण्याला कागदाचा आधार शोधा. शाळेत गेलेल्या बाईचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, तिथे जन्मगावही मिळते. जुने रेशनकार्ड टाकून देऊ नका, त्यावर घरातल्या सगळ्या बायकांची नावे आणि वये असतात. गिरणीत किंवा कारखान्यात असलेल्या आजोबांचे ई.एस.आय. कार्ड, फंडाच्या वारसाचा कागद, चाळीची भाडेपावती, पलटणीतल्या माणसाच्या विधवेचे पेन्शन बुक, यांत बाईचे नाव हमखास सापडते, कारण पैसे तिला मिळायचे असतात. सांगणे आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, एक खोडू नका.

आणि आधी सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा, मग कचेरीत. कचेरी पुढच्या वर्षीही असेल. जाताना नातीला बरोबर न्या. नात विचारते तेव्हा म्हातारी सांगते, सून विचारते तेव्हा सांगतेच असे नाही, हा आमचा अनुभव आहे. काही प्रश्नांवर ती गप्प बसली तर त्या दिवशी वही मिटा आणि चहा ठेवा.

ज्यांच्या वहीत आईच्या आईच्या आईचे नाव लागेल त्यांनी ते आम्हाला कळवावे. नाव, गाव आणि तिच्याविषयी ठाऊक असलेली एखादी गोष्ट, पोस्टकार्डावर मावेल एवढीच. ज्यांच्या वहीत तिथे 'माहीत नाही' असे लिहावे लागेल त्यांनीही कळवावे, आणि सोबत गावाचे नाव व तिच्या लेकीचे नाव द्यावे. त्या गावचा दुसरा कोणी वाचक ते वाचील.